चार नंबरची ॲलन की

शुक्र नुकताच टेकडीआड गेला आहे. पश्चिमेला मळकट नारिंगी पट्टा अजून शिल्लक आहे आणि त्या पट्ट्याच्या जरा वर दुर्बीण रोखून काका गुडघ्यांवर बसलेत. "सात बेचाळीस," ते स्वतःशीच म्हणतात. "पाच मिनिटं थांबू. आत्ता दिसला असं वाटलं तरी लिहिता यायचं नाही."

एम ७४ ही मीन राशीतली दीर्घिका. अंधुक, पसरट, आणि सूर्यामागोमाग तीही लवकरच क्षितिजाखाली जाणार. तिच्यापासून आजची रात्र सुरू होते आणि पहाटे मकर राशीतल्या एम ३० या तारकागुच्छापाशी संपते. मधे आणखी १०८.

नाशिक-पेठ रस्ता सोडून आत आल्यावर लागणारा हा माळ. भाताची खाचरं खाली राहिली; इथे वर नुसता कातळ, वाळलेलं गवत आणि कडेला मोहाची झाडं. फाल्गुनातली अमावास्या. आम्ही चौघं आहोत. काका, विमानविद्येच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा, दिंडोरीकडच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई, आणि मी. मला कृत्तिका आणि सप्तर्षी सोडले तर आकाशातलं फारसं काही ओळखता येत नाही. मी माणूस बघायला आलो आहे.

काका ओझरच्या विमान कारखान्यात इंजिनिअर आहेत. १९६४ साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यात मिग-२१ बांधली गेली, पुढे सुखोई. काकांचं काम मात्र नवं विमान बांधण्याचं नाही. ठरलेले तास उडून आलेलं विमान सुटं करायचं, त्याचा सांगाडा तपासायचा, भेगा शोधायच्या, पुन्हा जोडून परत पाठवायचं. ओव्हरहॉल. कॉलनीतली पोरं त्यांना दुर्बीणकाका म्हणतात, आणि ते नाव इतकं रुळलंय की काकूसुद्धा फोनवर बोलताना "ते का? दुर्बीणकाका गेलेत डोंगरावर" असं म्हणतात.

"आहे," काका म्हणतात. सात एकावन्न. कागदावर खूण होते. मग एकेक जण डोळा लावतो. मला काहीच दिसत नाही. मी तसं सांगतो. काकांना ते आवडलेलं दिसतं.

आता धावपळ सुरू. तिमिंगलातला एम ७७, त्रिकोणातला एम ३३, देवयानीची मोठी दीर्घिका आणि तिच्या दोन धाकट्या. ही मेसिए मॅरेथॉन. शार्ल मेसिए हा अठराव्या शतकातला पॅरिसचा धूमकेतू-शिकारी. १७५८ साली धूमकेतू शोधताना त्याला वृषभ राशीत एक धुरकट ठिपका दिसला, तो हललाच नाही. पुन्हा फसायला नको म्हणून त्याने अशा फसव्या ठिपक्यांची यादीच करायला घेतली. १७८१ पर्यंत ती १०३ वर गेली, पुढे इतरांनी सात भर घालून ११० केली. ज्या धूमकेतूंसाठी त्याने जिवाचं रान केलं ते आज फारसे कोणाला ठाऊक नाहीत. ज्या गोष्टी त्याला नको होत्या, त्यांना त्याचं नाव चिकटलं. मार्चमधल्या अमावास्येच्या आसपास सूर्य आकाशात अशा जागी असतो की सगळ्या ११० एकाच रात्रीत पाहता येऊ शकतात. वर्षातून ही संधी एवढ्याच दिवसांत.

काकांच्या हातात क्लिपबोर्ड आहे. त्यावर वेळापत्रक. प्रत्येक रकान्यात दोन वेळा लिहिलेल्या, लागणारी आणि धरलेली. चार मिनिटं लागतील तिथे सहा. मी विचारतो तेव्हा ते मुलाकडे बोट दाखवतात, "याला विचार." मुलगा लगेच म्हणतो, "एक पॉइंट पाच. फॅक्टर ऑफ सेफ्टी." विमानाच्या पंखावर कधीही येऊ शकेल असा जास्तीत जास्त भार धरायचा आणि त्याच्या दीडपट भार येईपर्यंत तो मोडू द्यायचा नाही, हा नियम. काकांनी तो आकाशाला लावला आहे.

मृगातला तेजोमेघ, शशकातला एम ७९, सारथीतले तीन गुच्छ, पुष्य. हे सगळं भराभर. गुरू मिथुनेत लखलखतोय आणि मुलाला त्याचे चंद्र बघायचे आहेत.

"यादीत नाही," काका म्हणतात.

एक ठिपका उत्तरेकडून सरळ रेषेत येतो, दुर्बिणीच्या दृश्यातून ओरखडा काढून जातो. मागोमाग दुसरा. स्टारलिंकचे उपग्रह. २०१९ पासून हे वाढत चाललेत. बाई चिडतात. काका चिडत नाहीत, थोडे ओशाळतात. "आमच्याच धंद्यातली मंडळी," म्हणतात. "आणि काम चोख आहे हो. शिव्या घालायलाही जड जातं."

साडेनऊला थोडी उसंत मिळते, तेव्हा मी गाडीच्या डिकीतली पेटी बघतो. आत काळा फोम. त्यात प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खड्डा कापलेला: चार नेत्रिका, पेचकस, ॲलन कीचे चार नंबर, लाल टॉर्च, आरशाचा ब्रश. खड्ड्याच्या तळाला भडक पिवळा रंग. वस्तू जागेवर नसली की पिवळं दिसतं. कारखान्यातल्या हत्यारांच्या पेट्या अशाच असतात. शिफ्ट संपली की पिवळं कुठेही दिसता कामा नये.

दुर्बीण घरीच बनलेली आहे. प्लायवूडची बैठक, तिच्यावर सनमायका, आणि सनमायका सरकतो टेफ्लॉनच्या तीन तुकड्यांवर. आठ इंची आरसा काकांनी स्वतः घासला. काचेच्या दोन जाड चकत्या एकमेकींवर घासायच्या, मधे कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी. भुकटी आधी जाड, मग बारीक, आणखी बारीक. वरची चकती खोलगट होत जाते, खालची फुगत जाते. शेवटी पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइड घेऊन पॉलिश. मग दाढीचं पातं आणि एक छोटा दिवा घेऊन आरशावरची सावली वाचायची, कुठे उंचवटा राहिलाय ते तिच्यात कळतं. "कारखान्यात माझी धाव मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. आरशाला त्याच्याही शंभरपट खाली जावं लागतं. आणि मशिन काय, तर हे," असं म्हणून ते दोन्ही तळवे दाखवतात.

अशा माणसांबद्दल एक ठरीव गोष्ट सांगितली जाते: लहानपणी विमान पाहिलं, तारे पाहिले, उडायचं स्वप्न पडलं. मीही तीच गोष्ट ऐकायच्या तयारीने आलो होतो. काकांची निराळी आहे. वडील याच कारखान्यात फिटर. डोक्यावरून मिग जायचं तेव्हा घरातली भांडी थरथरायची, त्याचं कौतुक कोणालाच नव्हतं. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला. वडिलांनी पहाटे उठवून गच्चीवर नेलं. "बाबा म्हणाले, तो बघ. मी म्हटलं, कुठे? ते म्हणाले, अरे तो काय. सगळी गच्ची म्हणत होती दिसला. मला नाही दिसला. शाळेत जाऊन मी सांगितलं, दिसला." काका हसतात. "तेवढं राहिलं डोक्यात."

फोन वाजतो. काकू. उद्या पाडवा आहे, गुढी सूर्योदयाला नाही तर निदान नऊच्या आत तरी उभी राहील का, असा प्रश्न आहे. काका "हो, हो" म्हणतात, तोवर दुसरा हात कागदावर पुढची ओळ शोधतोय.

अकरा वाजता कन्या. इथे काका पाणी पितात, मान मोकळी करतात. सिंहाच्या शेपटाकडची उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला एक तारा यांच्या मधल्या भागात दीर्घिकांचं मोहोळ आहे. मेसिएच्या यादीतल्या दीडेक डझन एवढ्याशा जागेत कोंबलेल्या. आणखी वेळ घालवला तर हा भाग डोक्यावर येतो, आणि या बैठकीची दुर्बीण नेमकी डोक्यावर वळवताना अडखळते, म्हणून वेळ आत्ताची. इथे वाट चुकली की संपलं. एका धुरकट डागापासून दुसऱ्यावर उडी मारायची आणि आपण कोणत्या डागावर आहोत हे क्षणभरही विसरायचं नाही.

"एम ८४. एम ८६. डावीकडे." काकांचा आवाज आता वेगळाच आहे, सपाट, कारखान्यातला असावा. मुलगा नोंदी करतोय. "एम ८७. बाई, या."

बाई डोळा लावतात. या दीर्घिकेच्या गाभ्यातल्या कृष्णविवराचं छायाचित्र एप्रिल २०१९ मध्ये जगभर छापून आलं, त्यांनी ते शाळेत फळ्याशेजारी लावलं होतं. साडेसहाशे कोटी सूर्यांइतकं वस्तुमान. साडेपाच कोटी प्रकाशवर्षं. बाई बराच वेळ बघतात.

"एवढंच?"

"एवढंच."

"मुलांना दाखवलं तर हसतील."

"हसू द्या. पण हा प्रकाश खरा आहे. फोटोतला शाईचा आहे."

बाईंना हे फारसं पटलेलं नाही. मलाही नाही, ते छायाचित्र मला अधिक भारी वाटतं, आणि तसं वाटण्यात काही गैर नाही. काका वाद घालत नाहीत. पुढे सरकतात. एम ८९, एम ९०. एम ९१ ला जरा घाई होतेय असं मला वाटतं. वारा सुटलाय, नळी थरथरतेय. पण ते "आहे" म्हणतात आणि खूण होते. या ९१ ची गंमत मुलगा सांगतो. मेसिएने जिथे नोंदवला तिथे काही नव्हतंच, मोजायला सुरुवात चुकीच्या दीर्घिकेपासून केल्यामुळे जागा चुकली असावी. तो कोणता, हे १९६९ पर्यंत उलगडलं नव्हतं.

एकनंतर गती मंदावते. चहाचा थर्मास उघडतो. काका मात्र उठून साधी द्विनेत्री घेतात आणि पूर्वेला वर आलेल्या उत्तर मुकुटाकडे बघतात. अर्धवर्तुळात तारे, आणि त्यांच्या जरा बाहेर, नुसत्या डोळ्यांना एरवी दिसत नाही असा एक. तिथे एक श्वेत बटू शेजारच्या तांबड्या राक्षसी ताऱ्याकडून द्रव्य ओढून घेतोय. पुरेसं साठलं की भडका. १८६६ ला झाला, १९४६ ला झाला. आता कधीही होईल म्हणून जगभरचे हौशी लोक डोळे लावून बसलेत. दहाव्या प्रतीचा तारा काही तासांत दुसऱ्या प्रतीपर्यंत चढेल, ध्रुवाएवढा.

"नाही अजून," काका म्हणतात आणि निराळ्या वहीत वेळ टाकतात.

"काका, हे यादीत आहे?" मुलगा विचारतो. गुरूचा राग अजून गेलेला नाही.

"हे ड्युटीत आहे."

दोननंतर दक्षिणेला, क्षितिजापासून वीतभर वर, ते यादीबाहेरची आणखी एक गोष्ट दाखवतात. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी. या वेळी मला सांगावं लागत नाही की काय बघायचंय. आख्खं दृश्य बारीक, टोकदार ताऱ्यांनी भरून गेलंय, कडेपर्यंत. लाखो तारे. "हा यादीत का नाही?" मी विचारतो. कारण मेसिए पॅरिसमध्ये होता आणि पॅरिसहून हा उगवतच नाही. पेठच्या माळावरून उगवतो. काका हे सांगताना जरा जास्तच खूश दिसतात.

मग ते खाली बसतात आणि आपणहून बोलतात, जे रात्रभरात एकदाच घडतं. "पंचवीसहून जास्त वर्षं झाली. समोर काहीही आलं की मी भेग शोधतो. लग्नाच्या हॉलमधे गेलो तरी वर ट्रस बघतो, वेल्डिंग कसंय. घरी पंखा बघतो. चंदीगडला सव्वीस सप्टेंबरला मिग-२१ निवृत्त झालं, टीव्हीवर दाखवत होते, घरातले म्हणाले किती भरून येत असेल तुम्हाला. मी त्या विमानांच्या पॅनेलचे रिव्हेट बघत होतो." थर्मासचं झाकण ते फिरवत राहतात. "हे वर आहे त्यातलं काही मला दुरुस्त करायचं नसतं. सही करून सोडायचं नसतं. नुसतं आहे का नाही, एवढंच सांगायचं."

साडेतीनला वृश्चिक आणि धनू वर आलेत, आकाशगंगेचा गाभा उजळलाय. ही सगळ्यात श्रीमंत जागा, तेजोमेघ आणि गुच्छ एकाला एक लागून. मुलगा शोधक दुर्बीण किंचित सैल झाली म्हणून घट्ट करतो, काका सात-आठ खुणा भराभर मिळवतात. मग नेत्रिका बदलायला पेटीकडे वळतात आणि थांबतात.

लाल उजेडात पिवळा रंग नीट ओळखू येत नाही, पण खड्डा रिकामा आहे हे दिसतं. चार नंबरची ॲलन की.

"थांबा सगळे. आहात तिथेच. पाय हलवू नका."

मला आधी वाटतं, साप. मुलगा म्हणतो, मी पेटीत ठेवली. म्हणजे, ठेवली असणार. बाई म्हणतात, "सकाळी उजेडात मिळेल की."

"मिळेल. पण तोपर्यंत ती कुठे आहे हे मला माहीत नसेल."

आणि चार माणसं लाल टॉर्च घेऊन गुडघ्यांवर, गवत बोटांनी विंचरत, दुर्बिणीपासून बाहेर बाहेर सरकायला लागतात. वर धनू रास सरकतेय. काका ओळीओळीने शोधतात. प्रत्येकाला पट्टा नेमून दिलाय. शोधता शोधता ते शांतपणे सांगतात, कारखान्यात हत्यार कमी भरलं की विमान जागचं हलत नाही. पॅनेल पुन्हा उघडतात. शिफ्ट संपली तरी कोणी घरी जात नाही. एक पाना कॉकपिटच्या खाली राहिला, विमान हवेत उलटं झालं, तो घरंगळून कंट्रोलच्या दांड्यात अडकला, की वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. "आणि ज्याने हरवलं म्हणून सांगितलं त्याला ओरडायचं नाही. ओरडलं की पुढचा सांगत नाही."

मुलगा काही वेळाने उभा राहतो. जर्किनच्या आतल्या खिशात, बिस्किटाच्या पुड्याखाली. तो ती हातात धरून उभा आहे, बोलत नाही.

"दे," काका म्हणतात. ती खड्ड्यात बसते. कागदावर नोंद होते: ३.५२ ते ४.१७, हत्यार शोध. नाव नाही. "चल. एम ५५."

दीडपटीने धरलेली सगळी उसंत या पंचवीस मिनिटांनी खाल्ली आहे. आता कोणी बोलत नाही. एम ७५. एम १५. एम २. कुंभेतला एम ७२, आणि त्याच्या शेजारचा एम ७३, जो नुसते चार तारे आहेत, मेसिएला तिथे कसला धुरकटपणा दिसला देव जाणे. यादीत आहे म्हणून खूण. आग्नेयेला खालच्या खाचरांतून कोणीतरी राब भाजलाय, त्याचा धूर पहाटेच्या थंडीत वर न जाता आडवा पसरलाय, बरोब्बर मकर राशीवर. पाच पंचवीस. क्षितिजाला राखाडी रंग चढायला लागतो.

मोहाच्या झाडांखाली माणसांचे आवाज येतात. बाया-मुलं टोपल्या घेऊन फुलं वेचायला आलीत, उन्हाआधी वेचून व्हायला हवीत. एक म्हातारी थेट आमच्याकडे येते.

"काय हरवलं होतं रातीला? बत्त्या घेऊन लोळत होता."

"चावी," मुलगा म्हणतो.

"घावली?"

"घावली, आजी."

ती दुर्बिणीकडे एकदा बघते, काही विचारत नाही, आणि वेचायला लागते.

"आहे!" मुलगा ओरडतो. तो डोळा लावून आहे. "एम ३०, काका, आहे!"

काका बघतात. बराच वेळ. मग बाजूला होतात. "कुठे?"

"मधे. पुसटसा. गोल."

"शेजारी ४१ मकर आहे. पाचव्या प्रतीचा. त्याच्या कोणत्या बाजूला?"

मुलगा पुन्हा डोळा लावतो. पण आता तिथे नुसतं निळसर पांढरं आकाश आहे. "डावीकडे," तो म्हणतो, आणि मग, "असावा."

काका रकान्यात आडवी रेघ ओढतात. "१०९," ते म्हणतात. कागदाच्या तळाशी दोन सह्यांच्या जागा आहेत, पाहणारा आणि तपासणारा. पहिली सही करून ते क्लिपबोर्ड मुलाकडे देतात. हे त्याला अपेक्षित नसतं. तो यादी वरून खाली वाचायला लागतो, सुरुवातीला रागाने, मग नीट. बाई सतरंजी झटकून घडी घालतायत. मी थर्मासमधला शेवटचा गार चहा पितो.

"काका," मुलगा म्हणतो, "एम ९१. त्याच्या शेजारी काय होतं?"

काका पेटी बंद करता करता थांबतात. आठवायचा प्रयत्न करतायत हे स्पष्ट दिसतं. ओठ हलतात, बोटं हवेत एका डागावरून दुसऱ्यावर जातात, अर्ध्यात थबकतात. मग ते पेन मागून घेतात. १०९ वर एकच आडवी रेघ, आकडा खालून वाचता येईल अशी. शेजारी १०८. बाजूला बारीक सही, तारीख, वेळ.

मुलगा खाली सही करतो.